संशोधनातून व्यवस्थापनाकडे जाताना अनुभवाचा कागद आधी नीट करून घ्या

तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही. डाळिंबावरच्या तेल्या रोगावर सोलापुरात पीएच.डी. करत तुम्ही चौथ्या वर्षात आहात, पुढे प्रयोगशाळेतच राहायचे नाही हे तुमचे ठरले आहे, आणि व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला अर्ज करताना संशोधनाची वर्षे कामाचा अनुभव म्हणून धरली जातात का व त्यांच्याविषयी अर्जात काय लिहावे, असे तुम्ही विचारले आहे. मीही मूळची सोलापूरचीच. सूत रंगवण्याच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यातला रंग काढण्यावर माझे संशोधन होते आणि तुम्ही आज जिथे आहात तिथूनच मी अर्ज केला होता. परीक्षेची तयारी, पुस्तके, शिकवण्या यांबद्दल मी लिहीत नाही. ज्यांनी नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा दिल्या आहेत त्यांना अभ्यास कसा करायचा हे सांगण्याची गरज नसते.

आधी एक खुलासा करते. मी प्रवेशप्रक्रियेतली तज्ज्ञ नाही, माझ्या प्रवेशाला बरीच वर्षे झाली आहेत आणि नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे ज्या संस्थेत अर्ज करायचा तिचे त्या वर्षीचे माहितीपत्रक हेच अखेरचे प्रमाण समजावे. आता मुद्द्याचे सांगते. संशोधनाची वर्षे अनुभवात धरली जातील की नाही, हे तुम्ही किती काम केले यावर जितके अवलंबून असते, त्याहून जास्त ते काम कोणत्या कागदावर कोणत्या शब्दांत लिहिलेले आहे यावर अवलंबून असते.

बहुतेक संस्था पदवीनंतरचा, पूर्णवेळ आणि पगारी अनुभव मागतात. अहमदाबादच्या आयआयएमचा पीजीपीएक्स हा एक वर्षाचा अभ्यासक्रम किमान ४ वर्षांचा अनुभव मागतो, हैदराबाद आणि मोहालीच्या आयएसबीचा (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) पीजीपी हा अभ्यासक्रम २४ महिन्यांचा. कॅट या प्रवेशपरीक्षेतून मिळणाऱ्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांना अनुभवाची सक्ती नसते, पण निवडीच्या गुणांत तो अनेक ठिकाणी मोजला जातो. मात्र संशोधक ‘पूर्णवेळ पगारी’ या व्याख्येत बसतो का, याचे उत्तर प्रत्येक संस्था वेगळे देते. एखाद्या प्रकल्पात नेमणूकपत्र घेऊन काम करणारा प्रोजेक्ट फेलो आणि सीएसआयआर, सारथी, बार्टी किंवा महाज्योती या सरकारी संस्थांची अधिछात्रवृत्ती (संशोधनासाठी दरमहा मिळणारी शिष्यवृत्ती) घेणारा विद्यार्थी एकाच टेबलावर तेच काम करत असतात, पण कागदावर पहिला नेमलेला असतो आणि दुसरा शिकणारा. त्यातच शिष्यवृत्तीवर आयकर लागत नसल्यामुळे फॉर्म १६, म्हणजे पगार आणि त्यातून कापलेला कर यांचा दाखला, सहसा हाती येत नाही, आणि पडताळणीच्या वेळी नेमका तोच मागितला जातो.

माझे सर्वांत मोठे नुकसान इथेच झाले. मी एका निधी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या प्रकल्पात नेमणूकपत्रावर रुजू झाले होते आणि पीएच.डी.ची नोंदणी त्यानंतर झाली. एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी माझी मुलाखत झाली, सशर्त निवडही झाली आणि कागदपत्रांच्या पडताळणीसाठी मी अनुभवाचे प्रमाणपत्र मागितले. ज्या संशोधन संस्थेत मी काम केले तिच्या आस्थापना विभागाने जे दिले त्याचा आशय असा होता, की सदर उमेदवार या संस्थेत पीएच.डी.च्या विद्यार्थिनी होत्या आणि त्यांना नियमानुसार शिष्यवृत्ती देण्यात येत होती. रुजू होण्याच्या तारखेच्या जागी पीएच.डी. नोंदणीची तारीख होती. पदाचा उल्लेख नव्हता, ‘पूर्णवेळ’ हा शब्द नव्हता, प्रकल्पाचा क्रमांक नव्हता.

माझे नेमणूकपत्र त्याच विभागाने काढलेले होते. त्याची प्रत जोडून मी दुरुस्तीचा अर्ज केला. आमच्या नमुन्यात असेच लिहितात, असे उत्तर मिळाले. पुढे कळले की प्रकल्पाचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरल्या कामासाठी खर्च झाल्याचा दाखला, निधी देणाऱ्या संस्थेकडे गेले होते, खाते बंद झाले होते, फाइल लेखापरीक्षणासाठी बाहेर होती आणि फाइल समोर असल्याशिवाय नवीन मजकुरावर सही करायला कोणी तयार नव्हते. माझे मार्गदर्शक तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी स्वतःच्या सहीने पत्र दिले, पण निवृत्त व्यक्तीचे पत्र पडताळणीत चालत नाही. शेवटी त्या विभागाने नवीन पत्र दिले. त्यावर जावक क्रमांक नवा होता, तारीख नवी होती आणि मजकूर जुनाच होता. मुदत संपली, अनुभव शून्य धरला गेला, निवड रद्द झाली आणि माझे पूर्ण वर्ष गेले. त्या कार्यालयातल्या कोणाचेही माझ्याशी वैर नव्हते, हे मी मान्य करते. पण ज्या माणसाने एखाद्या संस्थेच्या उपकरणांची खरेदी पाहिली, निविदांचे तुलनात्मक तक्ते केले, खर्चाची विवरणपत्रे भरली, त्याला कागदावर नुसता विद्यार्थी ठरवणे हा अन्याय आहे आणि तो आजही आपल्याकडच्या शेकडो मुलामुलींवर रोज होत असतो, याची चीड मला अजून आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की तुमचा प्रकल्प चालू आहे, मार्गदर्शक सेवेत आहेत आणि फाइल कपाटात आहे तोवरच हे प्रमाणपत्र घ्या. अर्ज पुढच्या वर्षी करायचा असला तरी आजच घ्या. त्यात नेमणूकपत्राचा क्रमांक आणि तारीख, पदनाम, काम पूर्णवेळ असल्याचा स्पष्ट उल्लेख, दिवस-महिना-वर्षासह कालावधी, दरमहा मिळणारी रक्कम आणि कामाचे स्वरूप एवढे यायलाच हवे. मजकूर स्वतः टंकून न्या. कोरा अर्ज दिला की नमुन्यातले प्रमाणपत्र हाती पडते. तुम्ही अधिछात्रवृत्तीवर असाल तर मंजुरीचे पत्र, दरमहा रक्कम जमा झाल्याचे बँकेचे उतारे आणि जेआरएफवरून (कनिष्ठ अधिछात्रवृत्ती) एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्रवृत्ती) झाल्याचे पत्र एकत्र ठेवा. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आणि एसआरएफची ४२,००० रुपये झाली आहे. त्यामुळे उताऱ्यांत रक्कम मध्येच बदललेली दिसली तर तिचे कारण एका ओळीत लिहून जोडा. आणि ज्या संस्थेत अर्ज करणार तिला ई-मेलने आधीच विचारा, की या प्रकारचा संशोधनाचा काळ तुम्ही अनुभवात धरता का. उत्तर लेखी घ्या. फोनवर ‘हो, चालेल’ म्हणणारी व्यक्ती पडताळणीच्या टेबलावर नसते.

आता अर्जात काय लिहावे याबद्दल. इथे माझी मते थोडी ठाम आहेत, ती कदाचित सर्वांना पटणार नाहीत. संशोधक माणूस निबंधात आपल्या प्रबंधाचा सारांश लिहितो आणि तिथेच वाचणाऱ्याचे लक्ष उडते. मी टायटॅनियम डायऑक्साइडच्या भुकटीने आणि अतिनील प्रकाशाने रंगाचे रेणू तोडत असे. नमुने आणायला मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका रंगकाम कारखान्यात जात असे. तिथल्या मालकांनी एकदा माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘हजार लिटर पाण्याला खर्च किती येईल? दिव्याचे वीजबिल धरून सांगा. आणि ही भुकटी पाण्यातून परत कशी काढणार?’ माझ्या प्रबंधात यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते, कारण चंचुपात्रातल्या पाण्याला ते प्रश्न पडत नाहीत. दुसऱ्या वर्षीच्या अर्जात मी हाच प्रसंग लिहिला, त्या खर्चाचा ढोबळ हिशेब मांडला आणि हा हिशेब नीट करायला मला काय शिकायचे आहे ते सांगितले. मुलाखतीत जवळपास सगळे बोलणे त्याच पानावर झाले, आणि त्या संस्थेने माझा अनुभव नेमणूकपत्र आणि बँकेचे उतारे पाहून ग्राह्य धरला.

तुमच्याकडे याहून चांगला विषय आहे. तेल्याला कारण असलेल्या झँथोमोनास जिवाणूचे जनुकीय विश्लेषण अर्जात दोन ओळींत आटपा. सांगोल्याचा एखादा बागायतदार मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा) धरायचा की हस्त बहार (पावसाळ्याच्या शेवटचा), हे कसे ठरवतो ते लिहा: पावसात तेल्याचा धोका वाढतो, हस्त बहाराला पाण्याची सोय लागते, फवारणीचा खर्च, कर्जाचा हप्ता आणि बाजारभाव हे सगळे त्या एका निर्णयात येते. तुमचे संशोधन त्या निर्णयाच्या कोणत्या टप्प्यावर उपयोगी पडते आणि कुठे अपुरे पडते, एवढे तुम्ही प्रामाणिकपणे मांडले तर ‘विज्ञान सोडून इकडे का’ हा प्रश्न वेगळा उरत नाही. संशोधनाचा कंटाळा आला, असे मात्र कुठेही लिहू नका. जो एका कामाला कंटाळला तो दुसऱ्यालाही कंटाळेल, असाच अर्थ त्यातून काढला जातो.

शिफारसपत्राकडेही लक्ष द्या. आपले मार्गदर्शक मनापासून चांगले लिहितात, पण ‘प्रामाणिक, कष्टाळू आणि विषयाची उत्तम जाण’ यापुढे सहसा जात नाहीत. त्यांच्यापुढे एक पान ठेवा, त्यावर तुम्ही घेतलेला एखादा निर्णय, सांभाळलेली एखादी अडचण आणि कनिष्ठ सहकाऱ्यांना शिकवलेले काम तारखांसह लिहा आणि यातले योग्य वाटेल ते घ्यावे अशी विनंती करा. सरांना असे सांगणे उद्धटपणाचे होईल, असे वाटू देऊ नका. बहुतेकांना त्याने मदतच होते.

पीएच.डी. अर्धवट सोडावी का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. घरची परिस्थिती आणि मार्गदर्शकांशी असलेले संबंध मला माहीत नाहीत, म्हणून हे केवळ मत समजा: चौथ्या वर्षात असाल तर सोडू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांत साधारण सहा वर्षांची मर्यादा आणि स्त्री संशोधकांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, तेव्हा कोणी ‘आता वेळ नाही’ म्हणून घाबरवत असेल तर आधी तुमच्या नोंदणीला लागू असलेला नियम वाचा. जीमॅट आणि जीआरई या दोन्ही आंतरराष्ट्रीय प्रवेशपरीक्षांचे गुण ५ वर्षे ग्राह्य असतात, कॅटचे मात्र फक्त एका प्रवेशवर्षापुरते. त्यामुळे प्रबंध लिहिताना जीमॅट किंवा जीआरई देऊन ठेवणे आणि प्रबंध सादर झाल्यावर अर्ज करणे, हा क्रम मला अधिक शहाणपणाचा वाटतो. शुल्काचाही विचार आत्ताच करा; जुन्या आयआयएममध्ये दोन वर्षांचे शुल्क २० लाखांच्या वर जाते आणि एवढे कर्ज घेताना घरच्यांना सगळे आकडे आधी दाखवलेले बरे. तुमच्या हातात तेल्यावरचे एखादे प्रत्यक्ष उत्पादन असेल, तर व्यवस्थापनाच्या पदवीआधी बिरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांना साहाय्य करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या बिग योजनेची माहिती घ्या. जैवतंत्रज्ञानातल्या नव्या कल्पनेसाठी त्यात ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आवारातल्या व्हेंचर सेंटर या नवउद्योगांना मदत करणाऱ्या केंद्रात संशोधनातून उद्योगाकडे वळलेली माणसे भेटतात. पदवीवर एवढा खर्च करण्याआधी त्यांच्याशी बोलून घ्या.

एक शेवटची गोष्ट, जी सोलापूरच्या मुलांनाच लागू होते. आपल्या विद्यापीठाचे नाव २०१९ मध्ये बदलून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झाले. तुमची बी.एस्सी. त्याआधीची असेल तर तिच्या गुणपत्रिकेवर जुने नाव आणि एम.एस्सी.च्या गुणपत्रिकेवर नवे नाव असेल. पडताळणी करणाऱ्या बाहेरच्या माणसाला ही दोन वेगळी विद्यापीठे वाटतात. नावबदलाची अधिसूचना मिळवून तिची प्रत दोन्ही गुणपत्रिकांसोबत जोडा आणि अर्जातही तसा उल्लेख करा. अनुभवाच्या प्रमाणपत्राचा मसुदा तयार झाला की इथेच, नाव आणि क्रमांक झाकून, टाका; मी आणि इथले इतर अनुभवी सदस्य तो वाचून काय राहिले ते सांगू.