'स्कॅफी' म्हणजे झाडूवाला की कळकट?

प्रश्न असा आला आहे: एडिनबरात घडणाऱ्या एका कथेत रस्ता झाडणाऱ्याला 'स्कॅफी' म्हटलंय आणि पुढे एका जाकिटालाही 'स्कॅफी'च. मग नेमका अर्थ कोणता?

दोन्ही बरोबर आहेत. नाम म्हणून आला की झाडूवाला किंवा कचरा उचलणारा. वस्तूच्या आधी विशेषण म्हणून आला की कळकट, गबाळं. अनेकवचनी 'स्कॅफीज' दिसलं तर सहसा माणसंच समजावीत.

नाम आलंय 'स्कॅव्हेंजर'वरून. शब्दाची शेपटी गळली, 'व्ह'चा 'फ' झाला आणि स्कॉट लोकांचा आवडता 'ई' लागला, जसा पोस्टमनचा 'पोस्टी'. मूळ शब्दात 'न' नव्हताच, तो होता 'स्कॅव्हेजर'. 'मेसेंजर', 'पॅसेंजर'मध्ये जसा 'न' मागाहून घुसला तसाच इथेही. धातूचा अर्थ 'पाहणं, तपासणं'. इंग्रजी 'शो' त्याच कुळातला. लंडनमध्ये 'स्कॅव्हेजर' हा परक्या व्यापाऱ्यांच्या मालावर जकात घेणारा अंमलदार होता. पुढे रस्त्यांच्या स्वच्छतेची देखरेख त्याच्याकडे आली आणि शेवटी नाव झाडणाऱ्यालाच चिकटलं. आपल्याकडे हा शब्द २०१३ च्या मॅन्युअल स्कॅव्हेंजिंगबंदीच्या कायद्यामुळे ओळखीचा आहे.

विशेषणाचा अर्थ केवळ कचऱ्यावरून आला असं मला वाटत नाही. स्कॉट्स या स्कॉटलंडच्या भाषेत 'स्कॅफ' म्हणजे खाण्यासाठी हात पसरणं, फुकटचं मिळवणं, आणि 'स्कॅफ-रॅफ' म्हणजे सटरफटर लोक. त्याचीही छटा 'स्कॅफी'त मिसळली असावी.

ग्लासगोत मात्र 'मिजी' ऐकू येईल. तो 'मिडन'वरून, म्हणजे सरळ आपला उकिरडा. कचरा नेणारे 'मिजी-मेन' आणि त्यात हात घालून काही शोधणारा 'मिजी-रेकर'. याला 'उकिरडे फुंकणारा' इतकं चपखल मराठी दुसरं नाही. घाणेरड्याला तिथे 'मॉकिट' म्हणतात; 'मॉक' म्हणजे अळी, म्हणून मुळात अळ्या पडलेलं मेंढरू. मळलेल्या शर्टाला हा शब्द लावताना अळ्या कुणाच्या डोक्यातही नसतात.

भाषांतर करताना 'स्कॅफी'ला जातिवाचक शब्द अजिबात वापरू नये. मूळ शब्द कामावरून पडलाय, जन्मावरून नाही. 'झाडूवाला' किंवा 'सफाई कामगार' योग्य. आणि कथा स्कॉटलंडच्या ईशान्येकडच्या मरी फर्थ या आखाताच्या किनाऱ्यावरची असेल तर आधी आजूबाजूची वाक्यं वाचा: तिथे 'स्कॅफी' ही मासेमारीची जुनी शिडाची होडीही असते.