प्रार्थनेला शब्द फुटत नाहीत, तरी गट चालवू का?

प्रश्न : प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका छोट्या प्रार्थनागटाची जबाबदारी माझ्याकडे आहे. गेलं वर्ष आम्हाला फार जड गेलं. एका दांपत्याचं तान्हं बाळ गेलं, एका भावाची नोकरी सुटली, एक बहीण अंथरुणाला खिळली आहे. सगळे माझ्याकडे आधारासाठी बघतात. मी वचनं वाचते, धीर देते. पण घरी गुडघे टेकले की तोंडातून शब्द निघत नाही. बाळाची आई विचारते, 'देवाने असं का केलं?' तिला काय सांगू? आणि आतून अशी रिकामी असताना पुढे उभं राहणं हे ढोंग आहे का? जबाबदारी सोडून देऊ का?

उत्तर : ताई, आधी त्या आईचा प्रश्न घेतो, तो थांबू शकत नाही. तिला कारण सांगू नका. 'देवाची काही योजना असेल', 'देवाला ते बाळ जास्त प्रिय होतं' ही वाक्यं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, असतानाच्या काळात मी अनेक अंत्यविधींना ऐकली, आणि ती ऐकताना आयांचे चेहरे मिटून गेलेले पाहिले. बायबलमधल्या ईयोबाची मुलं, संपत्ती, आरोग्य सगळं गेलं, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. मग त्यांनी कारणं द्यायला सुरुवात केली, आणि शेवटी देवाचाच राग ओढवून घेतला.

योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय पुन्हा सावकाश वाचा. लाजर मेल्यावर त्याच्या बहिणी मार्था आणि मरीया येशूला वेगवेगळ्या भेटतात आणि दोघी तेच बोलतात : प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मार्थेशी येशू पुनरुत्थानाविषयी बोलतो. मरीयेला तो काहीच समजावत नाही. 'त्याला कुठे ठेवलं आहे?' एवढं विचारतो आणि रडतो. थोड्या वेळात आपण लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही रडतो! तुमच्या गटातल्या त्या वडिलांना कदाचित बोलायचं असेल आणि आईला फक्त कोणीतरी शेजारी हवं असेल. किंवा नेमकं उलट. दोघांना एका मापाने सांत्वन देऊ नका. आणि बाळाचं नाव घ्या. तिला त्रास होईल म्हणून लोक नाव टाळतात, आणि तिला वाटतं सगळे विसरले.

आता तुमचं. शब्द फुटत नसताना दुसऱ्यांसाठी उभं राहणं हे ढोंग नाही. ढोंग तेव्हा होईल, जेव्हा 'माझं सगळं छान चाललंय' असं तुम्ही त्यांना भासवाल. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात प्रेषित पौल उघड लिहितो की आशिया प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडचं ओझं आलं, जगण्याचीही आशा उरली नव्हती. ज्यांना धीर द्यायला लिहितोय त्यांनाच हे सांगतो, आणि पुढे त्यांच्याच प्रार्थनेचं साहाय्य मागतो. प्रेषिताला हे सांगायला कमीपणा वाटला नाही. तुम्हीही गटाला एका वाक्यात सांगा : 'सध्या मला प्रार्थना जमत नाही, माझ्यासाठी करा.' मनातला सगळा तपशील मात्र गटापुढे मांडायचा नाही; त्यांच्याकडे आधीच पुरेसं आहे. तो एखाद्या जाणत्या विश्वासू बहिणीजवळ किंवा तुमच्या पाळकांजवळ बोला.

घरी स्वतःचे शब्द नसतील तर बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले घ्या. तेरावं स्तोत्र 'कोठवर?' याच प्रश्नाने सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी सुटकेची एक ओळसुद्धा नाही, आणि तरीही ते शास्त्रात आहे. हे मला फार मोलाचं वाटतं. एका मंडळीतले एक वडीलधारे, अगदी मितभाषी गृहस्थ, कठीण काळातल्या एका सभेत तेरावं स्तोत्र वाचायला उभे राहिले. दुसऱ्या वचनानंतर थांबले, पुस्तक मिटलं नाही, पुढेही गेले नाहीत. मागच्या बाकावरून कितीतरी महिने गप्प असलेल्या एका माणसाने तिथेच 'आमेन', म्हणजे 'तसंच होवो', म्हटलं. 'कोठवर' या तक्रारीला आमेन! त्या माणसाला तेवढीच प्रार्थना करता येत होती, आणि ती सभेत झाली.

आणि शरीर विसरू नका. संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, दूताकरवी खाऊपिऊ घातलं, परत झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं नंतर, डोंगरावर. तुमची झोप उडाली असेल, रिकामेपणा आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्यात विश्वासाची कमतरता नाही. गटातलं कोणी 'जगून काय करायचं' असं बोललं, तर नुसती प्रार्थना करून घरी पाठवू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी वैद्यकीय मदतीपर्यंत सोबत जा.

जबाबदारी आज सोडू नका, वाटून द्या. 'या सगळ्या लोकांचा भार मला एकट्याला वाहवत नाही,' असं इस्राएल लोकांचा पुढारी मोशे देवाला म्हणाला, तेव्हा देवाने त्याला काढून टाकलं नाही, सत्तर वडीलधारे मदतीला जोडून दिले. नोकरी गेलेल्या त्या भावाकडे वाचन सोपवून पाहा. सध्या कोणी त्याच्यावर काही सोपवत नसेल. आजारी बहिणीकडे जाण्याच्या पाळ्या लावा आणि पहिली पाळी स्वतःकडे ठेवू नका. काही महिन्यांनीही मन उभारी धरत नसेल, तर पाळकांशी बोलून सुटी घ्या, आणि त्याच गटात मागे बसायला या.