३८६ प्रोसेसरच्या पीसीत ४ एमबी रॅम असूनही डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा गेम ‘एक्सपांडेड मेमरी नाही’ का म्हणतो?

कारण तुमची १ एमबीच्या वरची रॅम ‘एक्सटेंडेड’ आहे आणि गेमला हवी ‘एक्सपांडेड’. नावं ठेवणाऱ्यांनी घोळच घातलाय! ८०८८ या आधीच्या प्रोसेसरला १ एमबीपलीकडचं दिसतच नसे, त्यातही डॉसच्या प्रोग्रामांना जेमतेम ६४० केबी. म्हणून १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने पळवाट काढली: वेगळ्या कार्डावरची मेमरी १६-१६ केबीच्या तुकड्यांनी ६४ केबीच्या खिडकीत आणायची, काम झालं की तुकडा बदलायचा. ही एक्सपांडेड. २८६ प्रोसेसरपासून ‘प्रोटेक्टेड मोड’ या नव्या कार्यपद्धतीत १ एमबीच्या वर थेट पोचता येऊ लागलं, ती एक्सटेंडेड.

३८६ ला कार्ड लागत नाही; एक्सटेंडेडमधूनच एक्सपांडेड करून देणारा ड्रायव्हर पुरतो. कॉन्फिग.सिस या डॉसच्या सेटिंग फाइलमध्ये आधी हायमेम.सिसची ओळ, त्याखाली ईएमएम३८६.ईएक्सईची (हाच तो ड्रायव्हर), तिच्यापुढे ‘रॅम’ हा शब्द. तिथे ‘नोईएमएस’ (म्हणजे एक्सपांडेड मेमरी नको) लिहिलेलं दिसलं तर आधी ते उडवा.