ताणाखाली बॅक्टेरिया दोऱ्यासारखे लांब का होतात?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की प्रॅक्टिकलला ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या प्लेटवर सेफॅलेक्सिन या अँटिबायोटिकची डिस्क ठेवली होती, झोनच्या (डिस्कभोवती जंतू न वाढलेल्या गोलाच्या) अगदी कडेची थोडी ग्रोथ लूपनं उचलून स्लाइड केली, तर नेहमीच्या आखूड काड्यांऐवजी शेवयांसारखे धागे दिसले आणि सर म्हणाले कंटॅमिनेशन आहे, टाकून द्या. स्लाइड मी पाहिलेली नाही त्यामुळे सर चुकले असं छातीठोक म्हणत नाही, पण पैज लावायची झाली तर मी तुमच्या बाजूनं लावीन. ते ई. कोलायच असणार. लांब ई. कोलाय हवे असले की लॅबमध्ये मुद्दाम सेफॅलेक्सिनच घालतात.

आता का. "लांब होतात" हा शब्दच आधी थोडा बाजूला ठेवा, कारण त्यानं असं वाटतं की ताण आला म्हणून बॅक्टेरियानं काहीतरी जास्तीचं केलं. तसं नाहीये. तो वाढतोय तेवढाच, रोजच्यासारखा. फक्त तुटायचं थांबलंय. घरी शेव पाडताना सोऱ्या फिरवत राहायचं आणि बोटानं तोडायचंच नाही, मग काय होईल, कढईत एकच लांब शेव पडत राहील ना, तसं. पीठ तेच, सोऱ्या तोच, तोडणारं बोट थांबलं. बॅक्टेरियात लांबी वाढवणारी यंत्रणा वेगळी आणि मधून कापणारी वेगळी, आणि ताण बहुतेक वेळा कापणारीवर येतो.

हिशोब करून बघा. ई. कोलाय साधारण २ मायक्रॉन लांब, चांगल्या ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या द्रवात) २० मिनिटांत दुप्पट. कापणं बंद पण वाढ चालू असेल तर २ चे ४, ४ चे ८, असं करत २ तासांत कागदावर १२८ मायक्रॉन. आपली लाल रक्तपेशी ७-८ मायक्रॉनची असते, म्हणजे तिच्या पंधरापट तरी लांब. प्रत्यक्षात सगळे एवढे पोचत नाहीत, पण पोचणारे असतात.

यात मी स्वतः कशी फसले ते सांगते, कारण त्यातूनच मला हे कळलं. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी ब्रॉथमध्ये अगदी कमी डोसचं सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घालून दर अर्ध्या तासानं ओडी (ब्रॉथ किती गढूळ झालं त्याचा आकडा) घ्यायचे आणि सोबत प्लेट काउंट, म्हणजे प्लेटवर किती कॉलन्या उगवल्या ते मोजणं. ओडी छान चढत होता आणि कॉलन्या मात्र तेवढ्याच, हलायलाच तयार नाहीत. तीन आठवडे गेले. आधी पिपेटला दोष दिला, मग डायल्यूशन ब्लँकला, मग माझ्या पार्टनरला (ती बिचारी नीट करत होती), नवीन मीडिया बनवला, ऑटोक्लेव्हवर संशय घेतला. शेवटी मॅडमनी विचारलं, "अगं, स्लाइड केलीस का एकदा तरी?" केली नव्हती. केली, ऑइल इमर्शनखाली बघितलं तर एक धागा फील्डच्या डाव्या कडेनं आत आलेला, मध्ये वळसा घेऊन गेलेला, त्याचं टोक सापडायला स्टेज सरकवावी लागली. ओडीला काय, मालमसाला वाढला की आकडा चढतो, प्लेटवर मात्र एवढा लांब धागा पडला तरी त्याची एकच कॉलनी. दोन्ही आकडे बरोबर होते, डोकं माझं चालत नव्हतं.

बरं, ते तोडणारं बोट कोणतं? एफटीएसझेड (FtsZ) नावाचं प्रोटीन. पेशीच्या बरोबर मध्यावर आतून त्याची एक रिंग बनते, तिच्याभोवती बाकीची मंडळी जमतात आणि नवीन भिंत आतल्या बाजूला बांधत बांधत पेशीचे दोन भाग करतात. आपल्या पेशींत ट्युब्युलिन नावाचं प्रोटीन असतं त्याचंच हे लांबचं भावंड. गंमत म्हणजे नावातच तुमचं उत्तर आहे. पहिल्या तीन अक्षरांचा अर्थ साधारण असा की तापमान वाढलं की धागे होणारा. असे म्युटंट सापडले होते जे ३० डिग्रीला नीट विभागायचे आणि ४२ ला नेलं की नुसते लांब होत जायचे, त्यावरून ही जीन्स ओळखली गेली. ती रिंग प्रत्यक्ष दिसली १९९१ मध्ये. म्हणजे विभाजन कसं होतं हे माणसाला कळलं ते ज्यांना विभागता येत नव्हतं त्यांच्याकडे बघून.

तुमच्या प्लेटवर काय झालं तर सेफॅलेक्सिन जाऊन चिकटतं पीबीपी-३ नावाच्या एन्झाइमला. पेशीची भिंत बांधायला असे बरेच एन्झाइम असतात, त्यातला हा खास मधली भिंत घालणारा. बाजूची भिंत लांबवणारे वेगळे, त्यांना कमी डोसमध्ये फारसा धक्का लागत नाही. म्हणून रिंग जागेवर येऊन बसते पण गवंडीच नाही, नीट फोकस केलंत तर धाग्यावर मध्येमध्ये किंचित आवळल्यासारख्या जागा कधीकधी दिसतात त्या याच. आणि हे झोनच्या कडेलाच का, तर डिस्कजवळ डोस इतका की पेशी फुटून मरतात, लांब गेलं की औषध पोचतच नाही, मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात मारण्याइतकं नाही पण अडवण्याइतकं असतं. तुम्ही नेमका तोच पट्टा उचललात, नशीब म्हणा किंवा हात चांगला म्हणा. ताण वेगळा असता तर आकारही वेगळा आला असता हे लक्षात ठेवा, मेसिलिनॅम हे त्याच खानदानातलं औषध पीबीपी-२ ला धरतं, तिथे कापणं नाही तर लांबणं अडतं आणि पेशी गोल गोट्यांसारख्या होतात. हा प्रकार नवा अजिबात नाही, ऑक्सफर्डच्या पेनिसिलिनवाल्या टीममधल्या गार्डनरनं १९४० मध्येच लिहून ठेवलंय की मारायला पुरत नाही इतक्या कमी पेनिसिलिनमध्ये बॅक्टेरिया लांबलचक होतात.

माझ्या सिप्रोच्या धाग्यांचं कारण मात्र वेगळं होतं आणि मला विचाराल तर तेच जास्त मजेचं. सिप्रोमुळे डीएनए तुटतो. अल्ट्राव्हायोलेटनं किंवा मायटोमायसिन या औषधानंही त्याची वाट लागते. तुटलेल्या डीएनएवर रेकए नावाचं प्रोटीन चढून बसतं, त्यामुळे लेक्सए नावाचा पहारेकरी स्वतःच स्वतःला कापून घेतो, आणि त्यानं दाबून ठेवलेली चाळीसेक जीन्स एकदम सुटतात. याला एसओएस रिस्पॉन्स म्हणतात, हो, बुडत्या जहाजाचाच. त्यातली बरीचशी जीन्स डीएनए दुरुस्तीची, पण एक असतं सुलए, त्याचं काम एवढंच की एफटीएसझेडला धरून ठेवायचं, रिंग बनू द्यायची नाही. म्हणजे इथे कापणं बिघडलेलं नाही, मुद्दाम थांबवलंय. आणि ते शहाणपणाचं आहे, कारण डीएनए फाटलेला असताना पेशी मधून कापली तर एका मुलीला अर्धवट वही आणि दुसरीला त्याहून अर्धवट. त्यापेक्षा आधी शिवून घ्या, मग वाटणी. दुरुस्ती झाली की लेक्सए परत जागेवर येतो, आणि लॉन नावाचा प्रोटिएज (प्रोटीन कापणारा एन्झाइम) उरलेलं सुलए खाऊन टाकतो. तसंही सुलए फार टिकत नाही, एक-दोन मिनिटांत निम्मं संपतं, सारखं नवीन बनत असेल तरच ब्रेक लागलेला राहतो.

हा लॉन नसला तर काय होतं त्याची एक गोष्ट आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात एव्हलिन विटकिन नावाची तरुण मुलगी अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला आली होती, तिनं ई. कोलायच्या बी स्ट्रेनवर भरपूर यूव्ही मारला, जवळजवळ सगळे मेले, एका प्लेटवर चारच कॉलन्या राहिल्या. तिनं मायक्रोस्कोपखाली बघितलं तर मरणारे सगळे सापासारखे लांब होऊन मग मरत होते आणि जगलेले मात्र लांब न होता विभागत होते. पुढे कळलं की त्या बी स्ट्रेनमध्ये लॉनच बिघडलेला आहे, ब्रेक लागतो पण सुटत नाही. वाचलेल्यांचा ब्रेकच निकामी झाला होता. एसओएसची कल्पना पुढे ज्या निरीक्षणांतून उभी राहिली त्यातलं हे एक मोठं. बाईंना २०१५ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, २०२३ मध्ये १०२ व्या वर्षी गेल्या. प्रोटीन बनवायला आजही सगळीकडे जो बीएल२१ वापरतात तो याच बी घराण्यातला, लॉन त्यालाही नाही.

त्यामुळे "ताणाखाली लांब होणं ही बॅक्टेरियाची जगायची युक्ती आहे" असं सरसकट लिहिलेलं दिसलं की मला जरा खटकतं. सुलएवालं प्रकरण युक्ती म्हणा, उत्क्रांतीत घडलेली यंत्रणा आहे ती. तुमच्या प्लेटवरचं सेफॅलेक्सिन हा मुख्यतः अपघात, औषधानं मशीन जॅम केलं. (तिथेही एसओएस थोडा चालू होतो, म्हणून "मुख्यतः" म्हटलं.) बाहेरून दोन्ही धागे सारखेच दिसतात.

आता अपघात असो की युक्ती, लांब असल्याचा फायदा मात्र मिळतो. लघवीच्या इन्फेक्शनमध्ये हे उंदरांवर नीट पाहिलं गेलंय, सेंट लुइसच्या हल्टग्रेन यांच्या लॅबमध्ये, २००४ आणि २००६ चे पेपर. ई. कोलाय मूत्राशयाच्या पेशींच्या आत घुसून गोळा करून राहतात, बाहेर पडताना त्यातले काही लांब धागे झालेले असतात, आणि पांढऱ्या पेशी आखूडांना गट्ट करतात पण धाग्यांना नाही. करणार कशा, बारा-पंधरा मायक्रॉनच्या पेशीनं सत्तर मायक्रॉनची शेवई गिळायची म्हणजे टोक सापडायला हवं आधी. सुलए काढून टाकलेले ई. कोलाय धड टिकलेच नाहीत, पण ज्या उंदरांची प्रतिकारयंत्रणाच कच्ची होती त्यांच्यात टिकले. हा पुरावा मला आवडतो, कारण धागा नेमका कोणापासून वाचवतो ते त्यातून दिसतं. २००७ मध्ये इन्फेक्शन झालेल्या बायकांच्या लघवीतही असे धागे सापडले. मी आता डायग्नॉस्टिक लॅबमध्ये आहे, युरिनच्या स्लाइडवर लांब काड्या दिसल्या की आमचा पहिला प्रश्न असतो, सॅम्पल द्यायच्या आधी काही गोळ्या घेतल्या होत्या का. बरेचदा केमिस्टकडून आणून दोन डोस झालेले असतात.

औषधंच लागतात असंही नाही. थंडी, जास्त मीठ, कोरडेपणा, मॅग्नेशियमची कमतरता, यांनीही होतं. फूड मायक्रोबायोलॉजीवाल्यांची डोकेदुखी हीच, फ्रिजमधल्या लिस्टेरियाचे किंवा कोरड्या-खारट पदार्थातल्या साल्मोनेलाचे धागे झालेले असले तर प्लेटवर एक कॉलनी मोजली जाते, आणि पदार्थ परत ऊबदार झाला की त्या एकाचे थोड्या वेळात कितीतरी होतात. मिठाचा तर आपल्याकडचा जुना किस्सा आहे, मुंबईतल्या प्लेगच्या वेळी, १८९७ मध्ये, हॅनकिननं प्लेगचा जंतू पटकन ओळखायला मिठाचं अगर (जंतू वाढवायची जेली) सुचवलं होतं, कारण साधारण ३ टक्के मिठावर तो फुगतो, वाकडातिकडा होतो, काही लांबतातही. आकार बिघडणं हीच ओळख.

"मग हे रेझिस्टन्ट झाले का?" हे तुम्ही शेवटी विचारलंय. नाही, लांब होणं म्हणजे रेझिस्टन्स (औषधाला दाद न देणं) नाही, वेळ काढणं आहे. पण त्या वेळात बरंच घडू शकतं. धाग्यात डीएनएच्या कॉपी चालूच असतात, डीएनए चमकवणारा डाय टाकला तर माळेतल्या मण्यांसारख्या ओळीनं दिसतात. एसओएसमध्ये चुका करत कॉपी करणारे पॉलिमरेजही सुटतात, म्हणजे म्युटेशन वाढतात. एकाच पिशवीत दहा-पंधरा कॉप्या, प्रत्येकीत थोडा फरक. २०१५ मध्ये प्रिन्स्टनवाल्यांनी दाखवलं की कमी डोसच्या सिप्रोमध्ये धाग्याच्या टोकाशी छोट्या पेशी तुटून निघतात आणि त्यातल्या काही रेझिस्टन्ट असतात.

आता सरांचं काय करायचं. आधी ग्रॅम स्टेन करा, जंतू गुलाबी की जांभळा रंगतो ते बघायला. ई. कोलायचे धागे गुलाबीच येणार, जांभळे आले किंवा आत स्पोर (बीजासारखे टणक दाणे) दिसले तर सर बरोबर, बॅसिलस नावाचा दुसराच जंतू घुसलाय. गुलाबी आले तर कडेची तीच ग्रोथ साध्या ब्रॉथमध्ये टाका, एकदा सेंट्रिफ्यूज करून धुऊन घेतलीत तर उत्तम म्हणजे औषध राहणार नाही, ३७ डिग्रीला ठेवा आणि दर २० मिनिटांनी एक थेंब कव्हरस्लिपखाली बघा. कंटॅमिनेशन असेल तर धागे धागेच राहतील. ई. कोलाय असेल तर टोकाकडून आखूड तुकडे पडायला लागतील, तासा-दोन तासांत स्लाइड नेहमीच्या काड्यांनी भरेल, पण काही धागे तसेच पडून राहतील, ते मेलेले, त्यांच्याकडे बघून घाबरू नका. पहिल्या तासातली, अर्धे धागे आणि अर्ध्या काड्या असलेली स्लाइड सापडली की तीच सरांना दाखवा, आणि फोटो काढलात तर इथेही टाका.