अमेरिकेतली ‘मध्यावधी’ : सत्ता कुणाची, बहुमत कुणाचे?

प्रश्न : अमेरिकेत अध्यक्ष पदावर असतानाच मध्यावधी निवडणूक होते. म्हणजे सरकार पडलेले असते का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. आपल्याकडे १९७१ किंवा १९८० प्रमाणे लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली की आपण मध्यावधी म्हणतो. अमेरिकेची काँग्रेस म्हणजे तिथली संसद. प्रतिनिधिगृह हे तिचे खालचे सभागृह आणि सेनेट हे वरचे. ती मुदतीआधी विसर्जित करून निवडणूक घेताच येत नाही. तिथे अध्यक्षाची मुदत चार वर्षे आणि प्रतिनिधिगृहाची दोन, म्हणून अध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यावर ही निवडणूक ठरलेलीच असते. नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार हा तिचा दिवस. २०२६ साली तो ३ नोव्हेंबरला येतो. निकाल काहीही लागला तरी अध्यक्ष पदावरच राहतो.

प्रश्न : २०१८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृह जिंकले, पण त्याच दिवशी सेनेटमध्ये त्यांच्या जागा घटल्या. असे कसे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कारण दोन्ही सभागृहांत पणाला लागलेल्या जागा वेगळ्या होत्या. प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागा एकदम लढवल्या जातात. बहुमताला २१८ लागतात. सेनेटचे १०० सदस्य सहा वर्षांसाठी असतात आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश जागा मोकळ्या होतात. आपल्या राज्यसभेसारखेच, फक्त तिथे मतदार थेट मत देतात. २०१८ ला सेनेटच्या ३५ जागा लढवल्या गेल्या आणि त्यांतल्या २६ डेमोक्रॅटिक गटाच्याच होत्या. त्यांपैकी दहा जागा दोन वर्षांपूर्वी रिपब्लिकन पक्षाचे ट्रम्प जिंकले होते त्या राज्यांतल्या. इंडियाना, मिसुरी, नॉर्थ डकोटा, फ्लॉरिडा गेले. ॲरिझोना आणि नेव्हाडा मिळाले. प्रतिनिधिगृहात मात्र पक्षाच्या जवळपास ४० जागा वाढल्या.

अध्यक्षाचा पक्ष मध्यावधीत बहुतेक वेळा मार खातो. १९९४ आणि २०१० मध्ये अध्यक्ष डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. १९९४ मध्ये रिपब्लिकनांनी ५४ जागा वाढवून ४० वर्षांनी प्रतिनिधिगृह घेतले. २०१० मध्ये ६३ वाढवल्या. १९३४, १९९८ आणि २००२ हे ठळक अपवाद. याचे मोठे कारण मतदानात आहे. अध्यक्षपदाच्या वर्षी जितके लोक येतात तितके मध्यावधीला येत नाहीत. २०२० मध्ये पात्र मतदारांपैकी सुमारे दोन तृतीयांश आले. २०१८ हे मध्यावधीसाठी शंभरेक वर्षांतले विक्रमी वर्ष, तरी आकडा निम्म्याच्या आसपासच होता. जिंकलेल्या पक्षाचे समर्थक सुस्तावतात, नाराज मतदार मात्र आवर्जून बाहेर पडतो.

अंदाज चुकतात ते देशभरातली मतांची टक्केवारी थेट जागांना लावल्यामुळे. बहुतेक मतदारसंघ एका पक्षाला पक्के असतात आणि बऱ्याच राज्यांत त्यांच्या सीमा तिथले विधिमंडळच आखते. म्हणून आधी २१८ ला किती कमी पडतात ते काढा. मग मागच्या वेळी पाच टक्क्यांहून कमी फरकाने लागलेल्या जागा मोजा आणि विद्यमान सदस्य निवृत्त होत असलेल्या जागा वेगळ्या धरा. खरी लढत याच मूठभर जागांवर असते.

प्रश्न : बहुमत बदलले की नेमके काय हाती येते?

उत्तर : ३ जानेवारीला नवी काँग्रेस सुरू होते. प्रतिनिधिगृह आधी सभापती निवडते आणि तोवर पुढचे काम अडते. २०२२ मध्ये रिपब्लिकनांना २२२ जागा मिळाल्या. इतके थोडके बहुमत म्हटल्यावर पक्षातले वीसेक जण अडून बसले आणि केविन मॅकार्थी सभापतिपदी १५ व्या फेरीत निवडून आले. त्यानंतर सगळ्या समित्यांचे अध्यक्षपद बहुमतवाल्यांकडे जाते. कुठले विधेयक चर्चेला घ्यायचे, चौकशीसाठी कुणाला समन्स काढायचे, हे तेच ठरवतात.

कायदा करणे याहून फार अवघड. सेनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवायला ६० मते लागतात आणि अध्यक्षाचा नकाराधिकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश. त्यामुळे मध्यावधी जिंकलेला पक्ष अध्यक्षाला अडवू शकतो, स्वतःचा कार्यक्रम क्वचितच राबवू शकतो. न्यायाधीशांच्या नेमणुका मात्र सेनेटमध्ये साध्या बहुमताने होतात, म्हणून तिथली एकेक जागा मोलाची.

सेनेटमध्ये ५०-५० झाले तर उपाध्यक्षाचे मत निर्णायक ठरते. तिथे पक्षांतरबंदी कायदा नाही, हेही लक्षात ठेवा. २००१ मध्ये व्हरमाँटचे जिम जेफर्ड्स रिपब्लिकन पक्ष सोडून डेमोक्रॅट्सच्या बाजूला बसले आणि निवडणुकीशिवायच सेनेटचे बहुमत फिरले.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत ग्रीन कार्डवर आहे. त्याला मत देता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : काँग्रेसच्या निवडणुकीत नाही. हा हक्क फक्त नागरिकांना आहे. वाहन परवान्याच्या अर्जात मतदार नोंदणीचा रकाना असतो. त्यावर चुकूनही खूण करू नये, कारण नागरिक असल्याचा खोटा दावा पुढे नागरिकत्वाच्या आणि देशात राहण्याच्याही आड येतो. नागरिकत्वाची शपथ झाली की नोंदणी करावी. न्यू जर्सीत ती मतदानाच्या २१ दिवस आधी व्हावी लागते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार असेच नागरिकत्व घेऊन २०२२ च्या मध्यावधीत मिशिगनच्या १३ व्या मतदारसंघातून प्रतिनिधिगृहात गेले.