घास येतो पण मासा सुटतो: रॉड राहू दे, आधी गळाचं टोक बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या बाजूला कातळावरून गरवता, ३/० मापाचा गळ, आमिषाला कोळंबी. घास जोरात येतो, रॉड वाकतो आणि दोन-चार सेकंदांत तंगूस (गळाची दोरी) सैल. महिन्याभरात सात-आठ मासे असे गेले. दुकानदार म्हणतो रॉड बदला, मित्र म्हणतो जपानी गळ घ्या, आणि तुम्ही विचारताय की जुनेच गळ कानशीने घासले तर चालतील का.

चालतील. पण घासण्याआधी एक गोष्ट करा. डब्यातले पाच गळ काढा आणि एकेकाचं टोक अंगठ्याच्या नखावर तिरकं टेकवून हलकेच ओढा. दाबायचं नाही, गळाचं वजन असेल तेवढंच. टोक नखात रुतून जागीच अडलं तर तो गळ ठीक. पांढरी रेघ मारत सरकलं तर त्याच्यावर काम आहे. आणि रेघही न उमटता घसरलं, तर त्या गळाने तुम्ही आजवर माशांना फक्त कोळंबी खाऊ घातलीत. बोटाच्या पेराने टोचून बघू नका. बोट मऊ, त्याला बोथट गळही टोचतो आणि आपली फसगत होते.

माझा अंदाज, पाचातले तीन सरकतील. कारण कातळ. आपल्याकडे लोकांना वाटतं गळ माशाच्या तोंडात बोथट होतो. माशाने होतो त्याच्या कितीतरी पट तो दगडावर होतो. शिसं तळाला टेकलं की गळ कालवांच्या शिंपांवरून खरडत येतो, एकदा कपारीत अडकला आणि ओढून सोडवला की टोकाचं काम झालंच. म्हणून अडकून सुटलेला गळ परत टाकण्याआधी नखावर लावायचाच. एवढी एक सवय लागली तरी तुमचे निम्मे मासे वाचतील, असं मी अनुभवाने सांगतो.

यात तंगुशीचाही हात आहे. नायलॉन ताणतो. चाळीस मीटरवर तुम्ही जीव खाऊन हिसका दिलात तरी त्यातला बराचसा जोर तंगूस ताणण्यातच खर्ची पडतो, गळापर्यंत पोचतो तो उरलासुरला. तेवढ्या जोरावर टोकामागे जो उलटा काटा असतो तिथपर्यंतचा भाग आत जायला हवा, नाहीतर मासा तोंड हलवतो आणि गळ गळून पडतो. टोक जितकं बारीक तितका तोच जोर कमी जागेवर पडतो, एवढंच यातलं शास्त्र. जाड तारेचा गळ आणि मोठा काटा असेल तर जोर आणखी लागतो. मी कातळावर काटा पक्कडीने अर्धा दाबून घेतो. गळ झटकन आत जातो, आणि तंगूस सैल सोडली नाही तर मासा काही त्यामुळे सुटत नाही.

आता घासण्याबद्दल. मी बावीस वर्षं एमआयडीसीत फिटर होतो, त्यामुळे कानशीबद्दल जरा जास्त बोलेन, चालवून घ्या.

साधी कानस घेऊ नका, तिचे दात मोठे, टोक पकडतात आणि तोडतात. हार्डवेअरच्या दुकानात नीडल फाइलचा सेट मिळतो, त्यातली चपटी घ्या. डायमंडची मिळाली तर उत्तम, खाऱ्या हवेत ती गंजून लगेच वाया जात नाही. साधी पोलादी घेतलीत तर तिच्या दातांवर आधी खडू घासा, म्हणजे लोखंडाचा कीस अडकून बसत नाही. ही युक्ती आम्हाला आयटीआयमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवली होती.

गळाचा दांडा पक्कडीत घट्ट धरा. हातात धरून घासणारे मी पाहिलेत आणि त्यांचे अंगठेही पाहिलेत. टोकाला काळ्या परमनंट मार्करचा एक हात द्या. फिटिंगमध्ये आम्ही निळा रंग लावून बघायचो तसंच हे. कानस जिथे लागते तिथली शाई जाते आणि चूक लगेच दिसते. बहुतेकांची शाई फक्त शेंड्यावरची जाते. म्हणजे कानस फार उभी धरली आहे, टोक आखूड आणि जाड होणार. कानस जवळजवळ आडवी हवी. ३/० च्या गळाला टोकापासून मागे तीन-चार मिलिमीटरपर्यंत शाई गेली पाहिजे.

टोकाकडून वाकाकडे, एकाच दिशेने, आणि परत येताना कानस उचलायची. करवतीसारखं पुढे-मागे नाही. डाव्या बाजूला तीन हात, उजव्या बाजूला तीन, मग पाठीवर, म्हणजे बाहेरच्या अंगाला, एक किंवा दोन. असा तिन्ही बाजूंनी घासला की टोक गोल न राहता त्रिकोणी होतं आणि त्याच्या कडाही कापतात. उलट, वाकाकडून टोकाकडे घासणारेही आहेत, त्यांचेही मासे लागतात. फक्त त्यात शेंड्यावर बर, म्हणजे धातूची पातळ कोर, राहते. ती नखाला तीक्ष्ण लागते आणि पहिल्याच माशाला मुडपते, म्हणून शेवटी अगदी हलका हात फिरवून ती काढावी लागते.

आणि थांबायचं कधी, हे मी स्वतः फार उशिरा शिकलो. फिटरचा हात, त्यात नवीन डायमंड फाइल. एका पावसाळ्यात घरी बसून सगळे गळ सुईसारखे केले होते. नखाला टेकवला की चिकटायचा, मी खूश. सप्टेंबरात खाडीच्या पुलाखाली तांबोशी लागली, चांगली मोठी. तांबोशीचा जबडा म्हणजे हाड आणि त्यावर सुळे. दोन झटके बसले आणि सुटली. गळ वर घेतला तर डोळ्यांना काहीच दिसेना. नखावर ओढला तर एका बाजूने रुततोय, दुसऱ्या बाजूने गुळगुळीत. शेंडा केसभर बाहेर मुडपला होता. मी इतकं लोखंड काढलं होतं की टोकात जीवच उरला नव्हता. तेव्हापासून तांबोशी, गोबरा, जिताडा यांच्यासाठीचे गळ मी रुतायला लागले की तिथेच सोडतो, सुई करत नाही. बांगड्यासारख्या मऊ तोंडाच्या माशाला बारीक टोक चालतं, पण तिथे गळच इतका लहान की घासण्यात अर्थ नाही. बोथट झाला, फेकला, नवा बांधला.

मित्राने जपानी गळ सांगितले ते खोटं नाही. हल्लीचे बरेच चांगले गळ शेवटी आम्लात बुडवून काढतात. धातू सगळीकडून सारखा विरघळतो आणि टोक आपल्या कानशीने कधी येणार नाही इतकं बारीक होतं. असा गळ पाकिटातून काढल्या काढल्या घासू नका, बिघडवाल. कातळावर बोथट झाला तर एक-दोन हलके हात द्या, पण मूळची धार येणार नाही हे धरून चाला. म्हणूनच दगडात गरवणाऱ्याला मी महागडे गळ सुचवत नाही. तिथे गळ खर्चाचीच वस्तू आहे. साध्या कार्बन स्टीलचा, जरा जाड, घासता येईल असा गळ परवडतो. स्टेनलेसचा गंजत नाही म्हणून लोक घेतात, मला तो आवडत नाही. मऊ असतो, टोक लवकर बसतं, आणि तंगूस तुटून माशाच्या तोंडात राहिला तर तिथे कुजूनही जात नाही. सर्कल हुकचं टोक आत वळलेलं असल्याने दगडावर कमी घासतं. तेही वापरून बघा, फक्त हिसका द्यायचा नाही, नुसतं गुंडाळत राहायचं.

घासलेल्या गळाचा एक तोटा आहे. वरचा मुलामा जातो आणि उघडं पोलाद दोन दिवसांत तांबूस पडतं. घासून झाल्यावर मार्करचा अजून एक हात द्या, थोडे दिवस निभावतं. घरी आलात की वापरलेले गळ गोड्या पाण्यात खळबळवून, पुसून, पूर्ण वाळवून मगच डब्यात. एक ओला गळ अख्खा कप्पा गंजवतो. मी वापरलेल्यांना वेगळी डबी ठेवलीय आणि तिच्यात औषधांच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी. गंजलेलं टोक घासून चकचकीत करता येतं, पण गंजाने खड्डा पडला असेल तर तो गळ नेमका मोठ्या माशाला तुटतो.

अजून एक सवय बहुतेकांना असते, ती सोडा. चालताना गळ रॉडच्या कडीत, म्हणजे तंगूस ओवतो त्या रिंगेत, अडकवणं. कडीच्या आत सिरॅमिक असतं, गळाच्या टोकापेक्षा कितीतरी कडक. किनाऱ्यापर्यंत चालत जाईस्तोवर धार गेलेली असते, आणि कडीला तडा गेला तर पुढे तंगूसही कापली जाते. कडीच्या बाहेरच्या तारेत अडकवा.

कपारीतून ओढताना उलगडलेला गळ पक्कडीने परत वाकवू नका. आणि टाकाऊ गळ कातळावर फेकू नका. तिथे बायका अनवाणी कालवं काढायला येतात. पाण्याची जुनी बाटली पिशवीत ठेवा, त्यात टाका, झाकण लावा.

रॉड तुमचा आहे तोच ठेवा. पाच गळ नखावर लावून किती सरकले ते इथे लिहा. पाचही रुतले, तर मग माझं चुकलं आणि आपण तुमच्या रिळाच्या ड्रॅगकडे, म्हणजे मासा ओढतो तेव्हा तंगूस किती ताणावर सुटते त्याकडे, वळू.