बोटीवरची पंगत आणि सकाळच्या दोन गोळ्या

प्रश्न : मी 59 वर्षांची निवृत्त शिक्षिका असून सांगलीत राहते. आठ वर्षांपासून मला मधुमेह आहे. गेल्या नऊ महिन्यांत भात, पोळी आणि साखर मी जवळजवळ बंद केली. दोन्ही वेळा अर्धी ज्वारीची भाकरी आणि बाकी भाजी, दही, पनीर, अंडी असा माझा आहार आहे. मासे-मटण खात नाही. एचबीएवनसी (तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) 8.9 वरून 6.8 वर आले आहे. सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी, तसेच डापाग्लिफ्लोझिनची एक गोळी घेते. डिसेंबरमध्ये आमच्या लग्नाला 35 वर्षे होत असल्याने लेकीने आणि जावयांनी मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझची तिकिटे काढली आहेत. व्याही आणि विहीणबाईही बरोबर आहेत. तिथे दिवसभर बुफे मांडलेला असतो म्हणे. यजमान म्हणतात, "चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?" विहीणबाई म्हणाल्या, "पथ्यापायी सगळ्यांचा विरस नको व्हायला." म्हणून गोळ्या घेऊन फक्त सूप-सॅलडवर राहायचे आणि कोणाला काही सांगायचे नाही, असे मी ठरवते आहे. की जाणेच रद्द करू?

उत्तर : ताई, जाणे रद्द करू नका. तुमचे पत्र वाचून मला काळजी वाटली ती बुफेची नव्हे, तर गोळ्या घेऊन गुपचूप अर्धपोटी राहण्याच्या तुमच्या बेताची. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते आणि तुम्ही त्या दिवशी किती जेवलात याची ती चौकशी करत नाही. घरी ठरल्या वेळी अर्धी भाकरी, भाजी आणि दही पोटात जाते, म्हणून तुमचे आणि तिचे जमते.

साताऱ्यात आमच्या नात्यातल्या एका लग्नात माझ्या थोरल्या बहिणीने सकाळी आठला हीच गोळी घेतली, मुहूर्त लांबला, पंगत अडीचच्या पुढे गेली आणि दीडच्या सुमारास ती खुर्चीत बसल्या बसल्या घामाने भिजून असंबद्ध बोलू लागली. साताऱ्याचे लग्न असल्यामुळे कंदी पेढे हाताशी होते आणि कोणीतरी एक तिच्या तोंडात घातलाही, पण पेढ्यातल्या स्निग्धांशामुळे त्याची साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. शेवटी आचाऱ्याकडून साखर मागवून ती पाण्यात विरघळवून पाजली, तेव्हा पंधराएक मिनिटांत ती माणसांत आली. म्हणून पर्समध्ये ग्लुकोजची पूड ठेवा. थरथर, घाम किंवा धडधड जाणवली आणि ग्लुकोमीटरवर आकडा 70 च्या खाली दिसला, तर सुमारे 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि तरीही आकडा 70 च्या वर आला नसेल तर तेवढीच मात्रा पुन्हा घ्या. त्या वेळी पथ्याचा विचार मनात आणायचा नाही.

असा प्रसंग यायचाच असेल तर तो बहुधा पहिल्याच दिवशी येईल. तुम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालात, तर सकाळी मुंबईला उतराल. बॅलार्ड पिअरचा धक्का सीएसएमटीपासून जवळच आहे, परंतु बोटीत प्रवेश साधारणपणे दुपारी मिळतो आणि त्याआधी कागदपत्रांच्या आणि सामान तपासणीच्या रांगा असतात. सकाळची गोळी घेतली असेल तर नाश्ता पोटभर करूनच रांगेत उभे राहा. मोठ्या बॅगा धक्क्यावरच कर्मचाऱ्यांच्या ताब्यात जातात आणि खोलीत पोचायला कधी कधी संध्याकाळ होते. त्यामुळे सगळी औषधे, ग्लुकोमीटर, पट्ट्यांची घट्ट झाकणाची डबी आणि डॉक्टरांची चिठ्ठी खांद्यावरच्या पिशवीतच हवी.

आता दुसऱ्या गोळीविषयी. या गोष्टीची कल्पना बहुतेकांना नसते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. डापाग्लिफ्लोझिन रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकते. कर्बोदके फार कमी खाणाऱ्या माणसाला ही गोळी चालू असताना उलट्या झाल्या, खाणे-पिणे थांबले आणि अंगातले पाणी कमी झाले, तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साचून आम्लता वाढण्याचा धोका असतो. हे नेहमी होत नाही, पण होते तेव्हा गंभीर असते आणि ग्लुकोमीटरवरचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही होऊ शकते. त्याची लक्षणे म्हणजे मळमळ, उलटी, पोटदुखी, विलक्षण थकवा आणि जोरजोरात चालणारा श्वास. बोट डोलू लागली की यांतली पहिली दोन-तीन कोणालाही होतात. "बोट लागली असेल, जरा पडून राहा," असे प्रेमाने म्हणणारी चार माणसे तुमच्याभोवती असतील आणि म्हणूनच या गोळीचे नाव त्यांतल्या निदान एकाला पाठ असायला हवे.

तेव्हा निघण्याच्या पंधरा दिवस आधी तुमच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि आपण रोज नेमके किती आणि काय खातो ते कागदावर लिहून न्या, कारण अनेक रुग्ण आहार बदलतात आणि ते डॉक्टरांना सांगायचे राहून जाते. एचबीएवनसी इतके खाली आल्यावर ग्लिमेपिराइडची मात्रा तीच ठेवायची का, हे विचारा. डापाग्लिफ्लोझिन प्रवासात चालू ठेवायचे का आणि उलट्या सुरू झाल्या तर कोणती गोळी थांबवायची, हे त्यांच्याकडून लिहूनच घ्या. मी इथून तुमची एकही गोळी कमी-जास्त करणार नाही. बोट लागू नये म्हणून द्यायची गोळीही त्यांच्याकडूनच घ्या. आपल्याकडे प्रवासात आलेपाकाच्या वड्या घेण्याची पद्धत आहे, पण त्यांत आल्यापेक्षा साखर अधिक असते, त्यापेक्षा आल्याचा नुसता तुकडा चघळा. क्रूझवर दवाखाना आणि डॉक्टर असतात. दोन-तीन उलट्यांनंतर पाणी टिकेनासे झाले, तर खोलीत पडून न राहता तिथे जा आणि गोळीचे नाव आधी सांगा.

बुफेचे त्यामानाने सोपे आहे. ताट हातात घेण्याआधी एक फेरी नुसती पाहण्यासाठी मारा. अंड्याच्या काउंटरवर भाज्या घातलेले ऑम्लेट समोर करून मिळते, पनीर टिक्का असतो, साधे दही असते, काकडी-टोमॅटो-कोबी असतोच. आधी भाजी आणि पनीर किंवा अंडे खाऊन पोळीचा तुकडा शेवटी खाल्ला, तर जेवणानंतरची साखर कमी चढते. ज्या सूपवर तुमची भिस्त आहे त्याच्या दाटपणात पुष्कळदा कॉर्नफ्लोअर असते आणि सॅलडवर ओतलेल्या गोडसर ड्रेसिंगमध्ये साखर असते, हे लक्षात ठेवा. भाकरी बहुधा मिळणार नाही. तिच्याऐवजी एक छोटी पोळी घ्या, तिच्यात सुमारे 20 ग्रॅम कर्बोदके असतात. एक मध्यम वाटी भात मात्र 40 ग्रॅमच्या आसपास जातो. 'शुगरफ्री' पाटी लावलेल्या मिठाईतही मैदा असू शकतो, तेव्हा त्या टेबलाकडे मी तरी जाणार नाही. घरी शिजवलेले अन्न बहुतेक बोटींवर नेऊ देत नाहीत, पण दुकानातली बंद पाकिटे साधारणपणे चालतात, त्यामुळे बुकिंगवाल्यांना ईमेलने विचारून घ्या आणि त्याच ईमेलमध्ये तुमच्या आहाराची गरजही कळवा. सांगलीकर भडंगाशिवाय गाडीत पाऊल टाकत नाही हे मला ठाऊक आहे. ते व्याह्यांसाठी घ्या, कारण भडंग म्हणजे शेवटी चुरमुरे. तुमच्यासाठी खारे शेंगदाणे आणि जवसाची चटणी पुरे.

राहिली घरची माणसे. यजमानांशी पथ्यावर वाद घालू नका, त्यांना काम द्या. ग्लुकोजची दुसरी पुडी त्यांच्या खिशात असू द्या, डॉक्टरांकडे जाताना त्यांना बरोबर न्या आणि गोळ्यांचे जे सांगायचे ते डॉक्टरांच्याच तोंडून त्यांना ऐकू द्या. चार दिवस पुऱ्या खाऊन आभाळ कोसळणार नाही, हे त्यांचे म्हणणे तसे खरेच आहे. मात्र गोळी घेऊन उपाशी राहिलात तर काही तासांतच कोसळू शकते, हे त्यांना तिथे कळेल. विहीणबाईंना निघण्यापूर्वी एकदा फोन करा आणि सरळ सांगा की माझ्यासाठी कोणी काही सोडायचे नाही, फक्त मला आग्रह करायचा नाही. विरस होतो तो ताटावर रोज चाललेल्या ओढाताणीने, एकदा स्पष्ट सांगितल्याने नव्हे. लेकीला मात्र सगळे सांगा. तिने हौसेने तिकिटे काढली आहेत आणि आई चार दिवस उपाशी फिरत होती हे तिला मागाहून कळले, तर तिला अधिक लागेल.

लग्नाच्या वाढदिवसाचा केक बोट चुकवणार नाही, हेही धरून चाला. तो जेवणाआधी कापू नका, जेवण झाल्यावर कापा. एक घास यजमानांच्या हातून घ्या आणि फोटो झाला की त्यांना घेऊन डेकवर पंधरा-वीस मिनिटे फेऱ्या मारा, पण पायांत चपला घालून, कारण मधुमेही पायाला झालेली जखम लवकर भरत नाही. उरलेला केक विहीणबाईंकडे सोपवा.